ग्रामीण कलामहोत्सव आणि गावाचा सहभाग
गंजाड व एचिगो-त्सुमारी येथील अनुभव. कणकुंबी परिसरासाठी काही विचार

चित्रकला, शिल्पकला इत्यादी कलांचा ग्रामीण जनतेस परिचय व्हावा, या हेतूने फिरती प्रदर्शने, चित्ररथ, शालेय चित्रकला स्पर्धा असे अनेक उपक्रम आपल्याकडे होत आले आहेत. या उपक्रमांत कला बहुधा शहरातून येते, ग्रामस्थ ती पाहतात आणि प्रदर्शनाची गाडी पुढच्या गावी जाते. प्रस्तुत लेखाचा विषय याहून निराळा आहे. गेल्या पंचवीस वर्षांत जपानसारख्या देशात, आणि आपल्याकडे डहाणू तालुक्यातही, असे कलामहोत्सव भरविण्यात आले की ज्यांत कलावंत गावात येऊन राहिले, गावातील जागा, माती, घरे व शाळा यांचाच उपयोग करून त्यांनी कलाकृती घडविल्या आणि त्या घडविण्याच्या कामी ग्रामस्थांचे हातही लागले. बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील कणकुंबी, पारवाड, चिखले, आमटे अशा घाटमाथ्यावरील गावांच्या दृष्टीने हा अनुभव विचारात घेण्यासारखा आहे. मात्र असा उत्सव गावाच्या हिताचा ठरतो की गाव केवळ देखाव्यापुरते वापरले जाते, हे कलावंताच्या कौशल्याइतकेच गावाने आरंभी काय विचारले व काय ठरविले यावर अवलंबून असते. म्हणून या अनुभवाकडे कौतुकाबरोबर चिकित्सेनेही पाहणे अगत्याचे आहे.

‘समकालीन कला’ हा शब्द ऐकून पुष्कळांस बिचकल्यासारखे होते. त्याचा अर्थ फारसा अवघड नाही. आपल्या काळातील कलावंत आपल्या काळातील जीवनाविषयी जे घडवितात ती समकालीन कला होय. मग तिचे साधन रंग-कुंचला असो, शेतातली माती असो, किंवा ओस पडलेले एखादे घर असो.

प्रथम आपल्या जवळच्या उदाहरणाकडे वळू. गंजाड हे डहाणू तालुक्यातील वारली वस्तीचे गाव. पूर्वी हा तालुका ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आल्यापासून तो त्या जिल्ह्यात आहे. वारली समाजात भिंतीवर चित्र काढण्याचा प्रघात फार जुना असून तो मुळात लग्नविधीचा भाग आहे. कुडाची भिंत शेणामातीने सारवून, गेरूने रंगवून तिच्यावर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने लग्नाचा चौक लिहितात. बांबूची काडी चावून तिचे टोक मऊ केले की झाला कुंचला. चौकाच्या मध्यभागी पालघाट देवी असते. सभोवती झाडे, माणसे, जनावरे. हा चौक लिहिण्याचा मान सवाष्णींचा. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी स्त्री, गाणी म्हणते आणि त्या गाण्यांच्या साथीने विधी पुढे सरकतो. चौक लिहिल्यावाचून लग्न पार पडत नाही. लग्नघरात गर्दी, धूर, सारवण यांमुळे हे चित्र काही काळाने पुसट होते आणि पुढील लग्नाला पुन्हा नव्याने लिहिले जाते. ते जपून ठेवण्याचा प्रश्नच कधी उद्भवत नसे.

येथे ‘लिहिणे’ हे क्रियापद मुद्दाम वापरले आहे. वारली माणसे चित्र ‘काढतात’ असे न म्हणता ‘लिहितात’ असे म्हणण्याची रीत आहे. ‘चौक’ हा शब्दही वाचकांस परका वाटू नये. आपल्याकडे मंगलकार्यात अंगणात व पाटाभोवती रांगोळी घालतात, दिवाळीत गोठ्याच्या दाराशी शेणाच्या आकृती मांडतात, त्याच कुळातली ही गोष्ट आहे.

१९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत भास्कर कुलकर्णी हे मराठी चित्रकार डहाणू भागात आले. त्यापूर्वी १९६६-६७ च्या दुष्काळात पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने ते बिहारमधील मधुबनी भागात गेले होते आणि तेथील स्त्रियांना कागद देऊन त्यांची भित्तिचित्रे कागदावर आणण्यास त्यांनी प्रोत्साहन दिले होते. वारली पाड्यांवर त्यांनी हेच काम हाती घेतले. पुरुषांपैकी जिव्या सोमा म्हसे यांना चित्रे काढण्याची विलक्षण आवड असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. लग्नाच्या चौकाची चौकट सोडून म्हसे यांनी शेती, मासेमारी, मुंग्यांची वारुळे, तारपानृत्य, आगगाडी असे विषय कागदावर व कापडावर आणले. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ मध्ये पॅरिस येथील एका मोठ्या जागतिक प्रदर्शनात त्यांची चित्रे मांडण्यात आली, आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री किताबाने गौरविण्यात आले. १५ मे २०१८ रोजी त्यांचे निधन झाले.

या इतिहासास दुसरी बाजू आहे आणि ती शिक्षकबंधूंनी विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी. भिंतीवरची चित्रे कागदावर येऊन विकली जाऊ लागताच चित्रकार म्हणून प्रामुख्याने पुरुषांची नावे पुढे आली. ज्या सवाष्णींनी पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहिले त्यांपैकी फार थोड्यांची नावे कोठे नोंदली गेली. यात कोणाचा कपटभाव होता असे म्हणावयाचे नाही. म्हसे यांचे मोठेपण तर वादातीत आहे. परंतु बाहेरून येणारी संधी गावातील नेमक्या कोणाच्या दारी जाते, कोण ती घेऊ शकतो आणि कोण मागे राहतो, हे आरंभीच पाहिले नाही तर पुढे दुरुस्त करणे कठीण जाते, हा धडा यातून मिळतो.

आता महोत्सवाकडे येऊ. जपानमधील वॉल आर्ट प्रोजेक्ट या संस्थेने २०१० साली बिहारमध्ये बोधगयेजवळील सुजाता गावी एका शाळेत ‘वॉल आर्ट फेस्टिव्हल’ नावाचा भित्तिचित्रांचा उत्सव सुरू केला. तेथे तो तीन वर्षे झाला. २०१३ मध्ये हा उत्सव गंजाड येथे आला आणि जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत भरला. जपानी व भारतीय कलावंत गावात मुक्कामास राहिले. शाळेच्या भिंती हाच त्यांचा फलक. काम चालू असताना मुले अवतीभवती असत, आणि चित्रे पुरी झाल्यावर मोजके दिवस शाळा सर्वांना पाहण्यासाठी खुली करण्यात आली. गंजाडचेच वारली चित्रकार राजेश चैत्या वांगड हेही या उत्सवातील कलावंतांत होते. गावात चित्रे लिहिणारी पिढी नांदत असताना परदेशी कलावंताने तेथे येऊन काय करावयाचे, अशी शंका कोणासही येईल. तिचे उत्तर काही प्रमाणात युसुके असाई या जपानी चित्रकाराच्या कामात सापडते. ते बाजारातून रंग आणीत नाहीत. ज्या ठिकाणी काम करावयाचे तेथल्या निरनिराळ्या रंगाच्या माती गोळा करून, त्या पाण्यात कालवून भिंतीवर चित्र रंगवितात. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे २०१४ साली त्यांनी टेक्सास भागातील मातीच्या अशाच अनेक छटा वापरल्या होत्या. गेरू व शेणामातीवर जगणाऱ्या वारली माणसास हा पाहुणा आपल्याच धंद्यातला वाटावा यात नवल नाही. पायाखालच्या एकाच शिवारात मातीचे पाच-सात रंग असतात, ही गोष्ट शेतकऱ्यास ठाऊक असते. तिचे चित्र होऊ शकते हे मुलांना प्रत्यक्ष दिसले म्हणजे भूगोलाचा आणि चित्रकलेचा तास एकाच वेळी होतो.

शाळेतील उत्सवानंतर या मंडळींचे काम भिंतींपुरते राहिले नाही. गंजाडमध्ये जुन्या पद्धतीने मातीचे घर उभारण्याच्या कामाकडेही ते वळले. सिमेंटची घरे वाढू लागल्यावर कुडाच्या भिंती घालणारे हात कमी होत जातात, आणि भिंत नाहीशी झाली की भिंतीवरचे चित्रही निराधार होते. या दृष्टीने घर बांधणे हेच चित्रकलेचे काम ठरते. याच संस्थेने पुढे जपानमधील फुकुशिमा प्रांतातही असा उत्सव घडवून आणला. गंजाडचे मयूर व तुषार वायेडा हे चित्रकार बंधूही आज जपानात काम केलेले कलावंत म्हणून ओळखले जातात. येणेजाणे दोन्ही बाजूंनी झाले, ही यातील सर्वांत समाधानाची बाब होय.

नावाचा प्रश्न वर आलाच आहे, म्हणून गंजाडमधीलच आणखी एक उदाहरण देतो. २०१३ च्या सुमारास छायाचित्रकार गौरी गिल या गंजाडला आल्या. त्यांनी राजेश वांगड यांची त्यांच्याच गावच्या परिसरात छायाचित्रे घेतली. वांगड त्यांना त्या त्या जागेच्या गोष्टी सांगत: येथे जंगल होते, येथे अमुक घडले. छायाचित्र तयार झाल्यावर त्यात या गोष्टींपैकी काहीच दिसत नव्हते. दिसत होते ते एक उघडे माळरान आणि त्यात उभा एक माणूस. तेव्हा वांगड यांनी त्या छायाचित्रांवर स्वतःच्या रेषांनी झाडे, देव, माणसे, यंत्रे, दुष्काळ, सारे लिहून काढले. ही चित्रे दोघांच्या नावाने ओळखली जातात आणि २०१७ मध्ये अथेन्स व कासेल येथील ‘डॉक्युमेंटा’ या प्रदर्शनात ती दोघांच्याच नावे मांडली गेली. बाहेरचा कलावंत आणि गावातला कलावंत यांनी बरोबरीने काम करणे म्हणजे काय, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते. प्रदर्शनाच्या पाटीवर ‘स्थानिक कारागीर’ असे मोघम लिहून भागत नाही.

येथे थोडे विषयांतर करतो. अलीकडे कार्यालये, उड्डाणपूल, बसस्थानके व शाळांची आवारे ‘वारली’ आकृत्यांनी सुशोभित करण्याची लाट आली आहे. त्रिकोणी अंगांची माणसे हातात हात घालून सर्वत्र नाचताना दिसतात. प्रसिद्धीच्या कामामुळे अशा भिंती रंगवून घेण्याचा प्रसंग माझ्यासारख्या अधिकाऱ्यावर पुष्कळदा येतो, आणि त्या साफसुथऱ्या दिसतात हेही खरे. पण ज्या गावात वारली राहत नाहीत, जेथे ना पालघाट ना तारपा, तेथे ती आकृती निव्वळ नक्षी होते. घाटमाथ्यावरील शाळेच्या भिंतीवर घाटमाथ्यावरचे काय असावे, हा प्रश्न तिने सुटत नाही, उलट झाकला जातो.

जपानचा उल्लेख वर आला आहे. तेथील निगाता प्रांतात तोकामाची नावाचे शहर आहे. त्याच्या हद्दीतील एका डोंगरी भागात, मुलांअभावी बंद पडलेल्या शाळेच्या इमारतीत, १९८२ साली तोकिओ हासेगावा यांनी मिथिला संग्रहालय स्थापन केले. मधुबनीच्या चित्रकर्त्या आणि आपले जिव्या सोमा म्हसे यांनी तेथे जाऊन, राहून चित्रे काढली. डहाणूच्या पाड्यावरची रेषा त्या बर्फाळ मुलखात इतक्या आधी पोहोचली होती. त्याच तोकामाची व शेजारच्या त्सुनान या भागात २००० सालापासून ‘एचिगो-त्सुमारी’ हा कलामहोत्सव दर तीन वर्षांनी भरत आला आहे. साथीच्या रोगामुळे २०२१ चा उत्सव २०२२ मध्ये झाला आणि नववा २०२४ मध्ये. ग्रामीण भागात भरणाऱ्या समकालीन कलामहोत्सवांत हा आद्य व सर्वांत मोठा मानला जातो.

हा प्रदेश सुमारे ७६० चौरस किलोमीटरचा. हिवाळ्यात काही ठिकाणी तीन-चार मीटर बर्फ साचते. डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरे. तरुण शहराकडे गेलेले, शाळा बंद होत चाललेल्या, घरे ओस पडलेली. फ्राम कितागावा या संयोजकांनी येथे कलामहोत्सव भरविण्याची कल्पना मांडली तेव्हा स्थानिक लोकप्रतिनिधींनी कडाडून विरोध केला. रस्ते व रोजगार यांऐवजी कलेवर पैसा का खर्च करावयाचा, हा त्यांचा सवाल रास्तच होता. पहिला उत्सव भरण्यापूर्वी काही वर्षे केवळ सभा, चर्चा व समजूत यांत गेली. अधिकारीवर्गाने हा कालावधी लक्षात घ्यावा. आपल्याकडे आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी निधी खर्ची टाकण्याच्या घाईत जे उपक्रम होतात, त्यांत गावाशी बोलण्यासच वेळ उरत नाही.

पहिल्या उत्सवातील एका कामाची हकीकत विस्ताराने सांगण्याजोगी आहे. पूर्वीच्या सोव्हिएत संघातून आलेले इल्या व एमिलिया काबाकोव्ह हे कलावंत दांपत्य मात्सुदाई येथे आले. त्यांना नदीपलीकडच्या उतारावरील भातखाचरे पसंत पडली. ती एका वृद्ध शेतकऱ्याची, वाडवडिलांपासून कसत आलेली जमीन. परक्या माणसाने आपल्या शेतात पुतळे उभे करावेत हे त्याला प्रथम रुचले नाही. शिवाय दुखापतीमुळे तो शेतीच सोडण्याच्या विचारात होता. काबाकोव्ह यांनी आपला आराखडा दाखविला. त्यात नांगरट, पेरणी, लावणी, गवतकापणी आणि कापणी करून पीक बाजारी नेणे अशी वर्षभराच्या कष्टांची चित्रे होती, आणि प्रत्येक कामाचे वर्णन करणारा मजकूरही होता. आपल्या कामाविषयी या माणसाने एवढे समजून घेतले आहे असे पाहिल्यावर शेतकऱ्याने होकार दिला. पायऱ्यापायऱ्यांवर निळ्या व पिवळ्या रंगांतील शेतकऱ्यांच्या आकृती उभ्या राहिल्या. नदीच्या अलीकडे एक सज्जा उभारून त्यापुढे मजकुराच्या ओळी अशा टांगल्या की, वाचता वाचता अक्षरांमधून पलीकडच्या आकृती दिसाव्यात. म्हणजे शेत हेच चित्र आणि शेत हेच पान. विशेष असे की, त्या शेतकऱ्याने शेती सोडण्याचा बेत पुढे ढकलला आणि आणखी काही वर्षे तीच खाचरे कसली. त्याच्यानंतर महोत्सवाशी संबंधित संस्थेने ती कसण्याची व्यवस्था केली. शहरातील लोकांनी वर्षाकाठी वर्गणी देऊन अशा खाचरांना हातभार लावावा व त्या बदल्यात तेथला तांदूळ घ्यावा, अशी योजनाही तेथे चालते. खाचरांत पीक नसते तर आकृतींनाही अर्थ उरला नसता, एवढी ती कलाकृती शेतावर अवलंबून आहे.

दुसरे उदाहरण एका जुन्या घराचे. निहोन विद्यापीठाच्या कला महाविद्यालयातील शिल्पकला विभागाचे अध्यापक व विद्यार्थी यांनी ओस पडलेल्या घराच्या आतील खांब, तुळया, भिंती, जमीन, सारे काही छिन्नीने कोरून काढले. या कामी अडीच वर्षांच्या आसपास काळ लागला. २००६ च्या उत्सवात ते घर खुले झाले आणि पुढे पाहुण्यांच्या मुक्कामासही देण्यात आले. २३ ऑक्टोबर २००४ रोजी त्या भागात मोठा भूकंप झाला होता. त्यात सापडलेले १९२४ सालचे एक गवती छपराचे घर दुरुस्त करून तेथे कुंभारकामाच्या भांड्यांत स्थानिक पदार्थ वाढणारे भोजनगृह सुरू करण्यात आले. स्वयंपाक व व्यवस्था गावच्या स्त्रियांकडे आहे. तसेच २००५ मध्ये बंद पडलेल्या एका प्राथमिक शाळेत सेइझो ताशिमा या बालचित्रकारांनी २००९ साली चित्रपुस्तकांचे संग्रहालय मांडले. त्याच्या कथेचे नायक आहेत त्या शाळेतील शेवटचे तीन विद्यार्थी. समुद्रकाठी वाहून आलेले लाकूड, वाळलेली फळे यांना रंग देऊन त्या मुलांच्या आकृती वर्गावर्गांतून उभ्या केल्या आहेत. एकशिक्षकी शाळेतील पटाची चिंता वाहणाऱ्या आपल्या गुरुजनांना ही तीन मुले ओळखीची वाटतील.

लाभाचा हिशेब मांडताना अतिशयोक्ती टाळली पाहिजे. पहिल्या उत्सवास सुमारे १ लाख ६० हजार लोक आले, तर २०१८ मध्ये ही संख्या ५ लाखांवर गेली. भोजनगृहे, निवास, वाहतूक यांतून काहींना काम मिळाले. तथापि त्या भागाची लोकसंख्या घटतच राहिली आहे. कलेमुळे बंद शाळा पुन्हा भरली असे झालेले नाही. घडले ते एवढेच की, शाळा पडून गेली नाही, तिचे दार उघडे राहिले आणि गावातील वृद्धांना येणाऱ्याजाणाऱ्यांशी बोलावयास कारण मिळाले. हे थोडके आहे असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. परंतु कलामहोत्सव म्हणजे गावाच्या सर्व अडचणींवरील तोडगा, असा प्रचार जो कोणी करील त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

आता घाटमाथ्याकडे येऊ. बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ला घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरील कणकुंबी हे मलप्रभा नदीचे उगमस्थान आणि माउली देवीचे ठाणे. येथून निघणारी मलप्रभा सुमारे ३०० किलोमीटरचा प्रवास करून कूडलसंगम येथे कृष्णेस मिळते. जांभ्याची लाल माती, भात व नाचण्याची शेती, मराठी, कन्नड व कोकणी अशा तिन्ही भाषा कानी पडणारा हा मुलूख. असा कलामहोत्सव या गावी भरलेला नाही. पण ज्या साधनांवर तो उभा राहावा ती मात्र येथे आणि आसपास आहेत. खानापूरची माती कौलांसाठी व कुंभारकामासाठी नावाजलेली असून, खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाचे शिक्षण देणारी संस्था खानापुरातच आहे. घाट उतरून गोवा व दक्षिण कोकणात गेले की जुन्या देवळांवर कावीचे काम दिसते. शिंपल्यांच्या चुन्याचा गिलावा करून त्यावर लाल रंगाचा थर देतात आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून आतील पांढऱ्या रेषा उघड्या करतात. लाल मातीच्या मुलखाला शोभणारी अशी ही कला आता फार थोड्या हातांत उरली आहे. सिंधुदुर्गातील कुडाळजवळ पिंगुळी येथे ठाकर समाजातील परशुराम गंगावणे यांनी चित्रकथी व कळसूत्री बाहुल्यांची परंपरा जपली. आपल्या गुरांच्या गोठ्यातच त्यांनी संग्रहालय उभारले आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गोठ्याचे संग्रहालय होऊ शकते, हे जपानात जाऊन पाहावयास नको.

एखादी संस्था वा कलावंत अशा गावी येण्याची इच्छा दर्शवील तेव्हा ग्रामसभेने काही गोष्टी प्रथमच विचाराव्यात. जागा कोणाची व तिच्या धन्याचा होकार आहे काय, हे तर झालेच. होकार मिळण्यापूर्वी नकार देण्याची मोकळीक खरोखर असली पाहिजे. मात्सुदाईच्या शेतकऱ्यास ती होती. गावकरी जे काम करतील ते श्रमदान की मजुरी? हौसेने केलेल्या कामास मोल नसते असे नाही, आणि सुगीच्या दिवसांत तर कोणाचा एक दिवस मोडणे म्हणजे नुकसानच. रांगोळी, सारवण, विणकाम करणाऱ्या स्त्रियांना बोलावले जाते की केवळ वक्तृत्व असलेल्या दोनचार पुरुषांनाच, हे पाहावे. कलाकृतीखाली कोणाची नावे लागणार, तिची छायाचित्रे, पुस्तके, विक्री यांत गावाचा वाटा काय, हे कागदावर यावे, व तो कागद गावास वाचता येईल अशा भाषेत, म्हणजे कणकुंबीच्या बाबतीत मराठीत व कन्नडमध्येही, असावा.

आणखी दोन गोष्टी या भागापुरत्या विशेष आहेत. भीमगड वन्यजीव अभयारण्य २०११ मध्ये घोषित झाले असून त्याच्या परिसरातील रान वनखात्याच्या नियमांखाली आहे. लाकूड, वेत, बांबू, वेली ही साधने कलावंतास मोहात पाडतील, पण परवानगीवाचून त्यांस हात लावता येणार नाही, हे पाहुण्यास आधीच सांगावे. दुसरी गोष्ट पाण्याची. नदीचा उगम पाहून कोणत्याही कलावंतास त्याविषयी काही करावेसे वाटेल. परंतु मलप्रभा, कळसा व म्हादई यांचे पाणी हा या भागात नुसता निसर्गसौंदर्याचा विषय नाही. त्यावरून राज्याराज्यांत वाद चालत आला, म्हादई जलविवाद लवादाने २०१८ मध्ये निवाडा दिला आणि त्यानंतरही प्रश्न मिटलेला नाही. कालव्याच्या खोदकामालगत ज्यांचे शेत आहे त्यांच्याशी बसून बोलल्याखेरीज पाण्यावर चित्र लिहू नये. बोलून लिहिले तर ते चित्र गावातल्या माणसांचे होईल.

शिक्षकांना महोत्सवाची वाट पाहण्याचे कारण नाही. शाळेच्या आवाराच्या भोवती, ओढ्याकाठी, शेतात, रस्त्याच्या कापणीत मिळणाऱ्या मातीचे नमुने मुलांनी आणावेत, ते वाळवून, कुटून, वस्त्रगाळ करावेत, आणि खळीत वा डिंकाच्या पाण्यात कालवून एखाद्या फलकावर गावाचा नकाशा रंगवावा. जेथली माती तेथे तीच. आजीआजोबांना विचारून जुन्या वाटा, पाणवठे, मोडलेली घरे त्यात दाखवावीत. शाळा सुधारणा समितीची संमती घेऊन पुढे हेच काम भिंतीवर नेता येईल. काळाची निवड मात्र सांभाळून करावी. घाटमाथ्यावर पाऊस प्रचंड असतो व भिंती उशिरापर्यंत ओल धरून राहतात. दिवाळीनंतर भिंत कोरडी झाल्यावर काम सुरू करून शिमग्यापर्यंत आटोपावे. उघड्यावरचे मातीकाम वळवाच्या सरी येण्यापूर्वी झाकावयाचे, उतरवून घ्यावयाचे, की पावसात विरघळू देऊन पुढल्या वर्षी नव्याने लिहावयाचे, आणि ते कोणी करावयाचे, याचा निर्णय कलावंत व ग्रामस्थ यांनी एकत्र बसून, पहिली रेघ ओढण्यापूर्वीच घ्यावा.